आईचा चान्स

आमच्या तालुक्याच्या गावात निवडणूक लागली की माणसं एकमेकांची खुशाली विचारायचं सोडून देतात. "काय म्हणतंय वातावरण?" एवढंच विचारतात. त्या हिवाळ्यात नगराध्यक्षाचं पद महिलांसाठी राखीव निघालं आणि माझ्या आईने अपक्ष म्हणून अर्ज भरला. तेव्हापासून निकाल लागेपर्यंत आणि त्यानंतर मी जे ऐकलं ते लिहायचं ठरवलं आहे. मला ते नीट जमेल की नाही माहीत नाही. पण राग अजून गेलेला नाही.

माझी आई कपडे शिवते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. आमच्या घरात पुढच्या खोलीत तिची मशीन आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी ती मशीन हातगाडीवर घालून बाजारात नेते आणि भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी बसते. माझे आजोबा मेंढरांमागे फिरले, बाबा धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, आणि मी जालन्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे अभिमानाने सांगत नाही. कॉलेजात जाऊन काही कळतं असं मला तेव्हा वाटायचं, म्हणून सांगते.

आईने अर्ज का भरला, ते आधी सांगायला हवं, कारण ते तिला कोणी विचारलंच नाही. आमच्या आठवडी बाजारात बायकांसाठी संडास नाही. मुतारी आहे, ती पुरुषांची. भाजी विकणाऱ्या बायका पहाटे खेड्यावरून येतात आणि अंधार पडल्यावर जातात. दिवसभर त्या पाणी पीत नाहीत. चहासुद्धा नको म्हणतात. आईच्या शेजारी मेथी-पालक घेऊन बसणारी एक काकू आहे. एका बाजाराला तिला निभावलं नाही, म्हणून ती गोदामाच्या भिंतीमागे गेली. तिथल्या राखणदाराने तिला काठी आपटत हाकललं, आणि समोर बसलेली माणसं हसली. काकू परत येऊन आईच्या मशीनमागे बसली आणि पदरात तोंड घालून रडली. नवऱ्याच्या मयतीलासुद्धा ती एवढी रडली नव्हती, असं तिनेच नंतर सांगितलं.

आई नगरपरिषदेत गेली. एकदा, दोनदा, पुष्कळदा. काम प्रस्तावित आहे, असं तिला प्रत्येक वेळी सांगितलं. शेवटी एक कर्मचारी म्हणाला, "मावशी, तुम्हाला एवढंच वाटतंय तर तुम्हीच व्हा ना अध्यक्ष." तो चेष्टेत बोलला होता. आईने घरी येऊन मला विचारलं, "अर्ज कुठं भेटतो गं?"

एवढीच गोष्ट होती. एक संडास, त्याला आतून कडी, आणि पाणी.

आमच्या बसस्टँडसमोर चहाचं हॉटेल आहे. सकाळच्या एसटीसाठी मी तिथे उभी असते. अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथल्या एका माणसाने मला हटकलं. तो आमच्याच गल्लीतला, लहानपणापासून मला ओळखणारा.

"काय गं, तुझ्या मायनं फॉर्म भरला म्हणं. निघतंय का काही?"

निघणं म्हणजे सीट निघणं, निवडून येणं. मी म्हणाले, "प्रयत्न चालू आहे, काका."

"प्रयत्न बराबर हाय. पण हिशेब केला का? तुमच्या समाजाची घरं किती, त्यातली फुटणारी किती?"

दुसरा म्हणाला, "अरे, तिच्या घरातलीच तीन मतं. त्यातलं बापाचं पक्कं न्हाई." सगळे हसले. मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र खिडकीतून दिसणाऱ्या कपाशीच्या पऱ्हाट्यांकडे बघत मी मनात त्यांना उत्तरं देत राहिले. जालना येईपर्यंत माझी सगळी उत्तरं तयार झाली होती, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

खरी लढत दोघींत आहे असं सगळे म्हणत. एक, माजी नगराध्यक्ष भाऊंची बायको. दुसरी, कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची सून. त्या दोघींनाही कोणी त्यांच्या नावाने ओळखत नव्हतं. "भाऊची मंडळी" आणि "शेठची सून", असंच चालायचं. बॅनरवर भाऊंचा फोटो मोठा आणि त्यांच्या बायकोचा कोपऱ्यात, हात जोडलेला. माझ्या आईला निदान "शिलाईवाली" म्हणत. तेवढं तरी तिचं स्वतःचं होतं.

बाबा रोज संध्याकाळी मोंढ्यातून भाव घेऊन यायचे. सोयाबीनचा, मक्याचा आणि उमेदवारांचा. हातपाय धुऊन चहा घेताना सांगायचे, "आज भाऊची मंडळी वर हाय. शेठची सून सकाळी तेज होती, दुपारून उतरली."

आई मशीनवरून मान न उचलता विचारायची, "आन् मी?"

"तुझी आवकच न्हाई."

आई हसायची. तिला बाबांचा राग येत नसे. मला यायचा. मी एकदा म्हणाले, "बाबा, तुम्ही मोंढ्यात सांगता का लोकांना, आईला मत द्या म्हणून?" ते बराच वेळ बशीत फुंकत राहिले. "सांगतो की. पण लोक म्हणतेत, निवडून येती का ते सांग. मंग मी काय सांगू?"

माघारीच्या आदल्या दिवशी भाऊंकडचा एक माणूस घरी आला. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली, बोलणं गोड. "मावशी, बसून घ्या. कशाला उगं आमची मतं खाता?" बसून घ्या म्हणजे अर्ज मागे घ्या.

आई काज करत होती. "कोणाची मतं खाल्ली म्हणता? ज्याची असतील त्यानं त्याच्यावर नाव टाकून ठेवावं."

"तसं न्हाई हो. तुम्ही चांगल्या हायेत, सगळ्यांना माहीत हाय. पण चान्स न्हाई, तर कशाला?"

"संडास बांधता का? आत्ता लिहून द्या, मी बसते."

तो हसला. "निवडून आल्यावर सगळंच करायचंय, मावशी." आई बसली नाही. चिन्ह म्हणून तिने शिलाई मशीन मागितली होती, ती मिळाली नाही. छताचा पंखा मिळाला. दुसऱ्या दिवसापासून गावाला नवा विनोद मिळाला. थंडीत पंखा कोण लावतंय, मावशी?

प्रचार सुरू झाला आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. भाऊंच्या मंडळींनी प्रचारात फिरणाऱ्या बायकांना एकसारख्या मोरपंखी साड्या दिल्या. साडीला ब्लाउजपीस जोडलेलं. आणि त्या सगळ्या बायका ब्लाउज शिवायला माझ्या आईकडे आल्या. आईसारखं कोणी शिवत नाही, आणि आई वेळेवर देते. त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आईलाही वाटलं नाही, याने मी जास्त चिडले. पुढच्या खोलीत मोरपंखी कापडाचा ढीग लागला. आमच्या घराच्या दाराला आईच्या पंख्याचं पोस्टर आणि आत तिच्या विरोधातल्या उमेदवाराचा सगळा ताफा, हात वर करून मापं देत उभा.

आणि मापं देता देता त्या आईला तिच्याच पराभवाचा अंदाज सांगत.

"दंडात जरा ढिला ठेव आक्का. तुझं काय खरं न्हाई बघ. आम्ही फिरून राह्यलो ना दारोदार, आम्हाला कळतंय."

"गळा मागून खोल नको. आमच्या गल्लीत तुझं नाव निघतं, पण लोक म्हणतेत, चांगली हाय पण यायची न्हाई."

"बिलकुल यायची न्हाई. मला तर लई वाईट वाटतं. जल्दी दे हं, परवा रॅली हाय."

आई तोंडात टाचण्या धरून ऐकायची. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची. एका दुपारी मला राहवलं नाही. मी बाहेर येऊन म्हणाले, "तुम्हाला बाजारात संडास नको का?"

एक म्हणाली, "पाहिजे की. कोणाला नको? पण तुझी माय येत न्हाई ना निवडून."

"तुम्ही दिलं तर येईल."

"आम्ही देऊ गं. बाकीच्या कुठं देतेत?"

आणि प्रत्येकीने बाकीच्यांकडे पाहिलं. त्या खोलीत बाकीच्या म्हणजे त्याच होत्या. त्यांना ते दिसलं नाही, की दिसूनही त्यांनी सोडून दिलं, मला अजून ठरवता येत नाही. त्या गेल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकासमोर असं बोलत न्हाई."

"त्या गिऱ्हाईक न्हाईत, मतदार हायेत," मी म्हणाले.

"आज ब्लाउज घेऊन आल्यात. आज गिऱ्हाईक."

त्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी राज्यशास्त्राच्या तासाला स्थानिक निवडणुकांचा विषय घेतला. सर चांगले आहेत, मन लावून शिकवतात, म्हणून मला हे लिहिताना जड जातं. त्यांनी आमच्या गावची मुलं कोण आहेत विचारलं. मागच्या बाकावरच्या एकाने उभं राहून दोघींची लढत सांगितली, कोणत्या भागात कोण पुढे, कोणाला कोणाचा पाठिंबा. त्याला सगळं पाठ होतं. शेवटी तो म्हणाला, "एक अपक्ष पण आहे सर. शिलाईवाली. पंखा."

वर्ग हसला. सर म्हणाले, "अशा उमेदवारांचा प्रभाव नगण्य असतो. आपण मुख्य लढतीकडे पाहू."

मी हात वर केला. पूर्ण नाही, कानापर्यंत. सरांनी पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, त्या माझी आई आहेत." असंच म्हणाले, गोंधळून. सरांचा चेहरा खरोखर आनंदला. "अरे वा, अभिनंदन. फार मोठी गोष्ट आहे ही." आणि मला वाटलं, आता ते विचारतील. त्या का उभ्या राहिल्या, त्यांना काय करायचं आहे. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. बाजार, काकू, गोदामाची भिंत, ते सगळं.

सरांनी विचारलं, "मग, किती मतं पडतील असं वाटतं?"

मी "माहीत नाही सर" म्हणून खाली बसले. चहाच्या हॉटेलात जो प्रश्न होता तोच माझ्या वर्गात होता, फक्त शब्द चांगले होते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला कळलं की मी हॉटेलातल्या माणसांवर चिडले होते ते ती अडाणी आहेत असं समजून. आता तो आधारही गेला.

सगळ्या प्रचारात आईला दुसरा प्रश्न विचारणारी एकच बाई मी पाहिली. बाजारात बांगड्या विकणारी खाला. आई तिला पत्रक द्यायला गेली तेव्हा तिने ते उलटसुलट केलं आणि विचारलं, "संडास बनेंगा तो पानी किधर से लाते? बिन पानी का बना के क्या फायदा?" आई तिथेच बसली. दोघींनी विहिरीवरून पाइप आणता येईल का, टाकी किती मोठी लागेल, यावर इतकी चर्चा केली की पत्रकं वाटायची बाकीची ओळ राहून गेली. आई त्या दिवशी घरी फार खुशीत आली. मला तेव्हा वाटलं, वेळ वाया गेला. आता वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी रांगेत मोरपंखी ब्लाउजच ब्लाउज होते. साड्या बदललेल्या, कारण प्रचार बंद होता, पण नवा ब्लाउज कोण ठेवून देतं? आईने केलेल्या बाह्या, आईने लावलेले हुक. बायका आईला बघून हसत होत्या, "आलो गं आक्का" म्हणत होत्या. मी पण रांगेत होते. माझं ते पहिलं मत. मी पंख्याचं बटण दाबलं आणि आवाज झाला तेव्हा मला खात्री वाटली की आई येणार. मला हे लिहायला लाज वाटत नाही.

आई आली नाही. भाऊंची मंडळी आली. आईला इतकी कमी मतं पडली की डिपॉझिट गेलं. बाबा मतमोजणीवरून परत आले, चप्पल काढली आणि कोपऱ्यात बसले. मग म्हणाले, "मोंढ्यात बराबर सांगत होते."

"मोंढ्यानंच पाडलं," मी म्हणाले. "सगळे म्हणले येत न्हाई, म्हणून न्हाई आली. आणि आता म्हणतेत, बघा, आम्ही म्हणलो न्हवतो का." मी ओरडले असेन, कारण शेजारची मुलगी दारात येऊन उभी राहिली. आईने मला पाणी आणून दिलं. हरलेली ती होती आणि पाणी मला.

संध्याकाळी मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. गुलाल, डीजे, आणि पुढे नाचणाऱ्या बायका मोरपंखी साड्यांत. काहींनी आमच्या दाराकडे बघून मान फिरवली. एकीने हात केला. आई दारात उभी राहून बघत होती. "तिची बाही उसवली बघ," ती म्हणाली. "म्हणली होती ढिली ठेव, न्हाई ठेवली मी."

पण मला ज्याच्यासाठी हे लिहायचं होतं ते त्यानंतर घडलं. पुढच्या आठवडी बाजारी मी कॉलेजला न जाता आईसोबत मशीन घेऊन गेले. मेथीवाली काकू जागेवर होती. तिने आईला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवला आणि अगदी सरळ मनाने म्हणाली, "लई वाईट झालं बाई. तुला देणार होते मी. हात गेल्ता पंख्यावर. मंग म्हणलं, सगळेच म्हणतेत येत न्हाई, तर आपलं मत कशाला वाया घालावं? मंग दिलं तिकडं."

आईचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिथेच राहिला. आई जिच्यासाठी उभी राहिली ती हीच बाई होती. मी आईचा चेहरा पाहिला आणि निकालाच्या दिवशी जो दिसला नव्हता तो मार मला त्या क्षणी दिसला. काकूला तो दिसला नाही. ती मेथीवर पाणी शिंपडत होती. मेथीला पाणी, स्वतःला थेंब नाही.

आईने सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला. मग म्हणाली, "बरं. आता चल माझ्यासंगं नगरपरिषदेत. नव्या अध्यक्षीणबाईला सांगू. तू तर मत दिलंय तिला, तुझं ऐकंल."

"आपलं कोण ऐकतंय? होत नसतंय ते," काकू म्हणाली. शेजारच्या कांदेवालीनेही मान हलवली. "न्हाई होत बाई. इतक्या वर्षांत झालं न्हाई."

तेव्हा मी काकूसमोर उकिडवी बसले. मी हळू बोलणारी मुलगी आहे, पण त्या वेळी माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"काकू, होईल का ते मी विचारत न्हाई. ते मला कोणीच सांगू नका आता. तुला पाहिजे का न्हाई, एवढंच सांग."

"अगं पण होणार न्हाई तर..."

"पाहिजे का न्हाई?"

काकूने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग गोदामाच्या भिंतीकडे. "पाहिजे तर हायेच की," ती पुटपुटली, जणू मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं. मग तिने मेथीवर ओलं पोतं टाकलं, कांदेवालीला म्हणाली, "ध्यान ठेव जरा," आणि उठली. बांगड्यावाली खाला आपली पेटी बंद करून आमच्यामागे आली. एवढ्याच आम्ही. नगरपरिषदेपर्यंतच्या सगळ्या वाटेवर काकू म्हणत होती, "होत नसतंय ते. उगं चाललोय आपण." पण चालत होती.

शिपायाने फाटकातच सांगितलं, "मॅडम न्हाईत. भाऊ हायेत आत, पण मीटिंगमधी."

"आम्हाला मॅडमच पाहिजेत," आई म्हणाली. आम्ही पायऱ्यांवर बसलो. उन्हं वर आली. शिपाई दोनदा येऊन म्हणाला, आज काही यायच्या नाहीत, उद्या बघा. मग काकूने माझ्या हातातली पाण्याची बाटली मागितली. बाजाराच्या दिवशी तिला पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिने तोंड वर करून ती सगळी संपवली, पदराने ओठ पुसले आणि शिपायाला विचारलं, "बाबा, हितं बायकांचं कुठंय?"

"ते स्टाफसाठी हाय, मावशी. कुलूप असतंय."

"असू दे. मी बसते. थोड्या वेळानं मला जावं लागंल. तवर चावी कोणाकडंय ते बघून ठेव, न्हाईतर तुझ्या साहेबाला इचार, मी कुठं बसू."

शिपाई आत गेला. आई त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. समोरच्या चहाच्या टपरीवर माणसं उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यातला एक मोठ्याने दुसऱ्याला म्हणाला, "काय वाटतं तुला, उघडतेत का कुलूप?"

"न्हाई उघडत. लावतो का पैज?"

मी त्यांच्याकडे पाठ करून काकूच्या शेजारी सरकले.